जुनी सात सीटर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीतले शेजारी, नातेवाईक आणि ऑफिसातली मंडळी हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. उत्तरं इथले रस्ते, इथली आरटीओ आणि इथला पाऊस डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. गाडी बघायला जाणारा माणूस मॉडेल पक्कं करून जातो. पण विकत घ्यायची असते ती समोर उभी असलेली एक गाडी, आणि ती कुणी, कुठे, कशी चालवली हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. म्हणून निम्मी उत्तरं त्या शोधाचीच आहेत.

घरात सहा माणसं आहेत. सात सीटरच घ्यावी का?

आधी तिसऱ्या रांगेत कोण बसणार ते ठरवा. दोन शाळकरी मुलं असतील तर बहुतेक सगळ्या गाड्या चालतील. उंच, भरदार काका बसणार असतील तर यादी एकदम आखूड होते: टोयोटाची इनोव्हा, महिंद्राची मराझो, आणि थोडं जुळवून घेतलं तर कियाची कॅरेन्स. आजी-आजोबांना मागे बसवायचा विचार सोडूनच द्या. मधली सीट पुढे सरकवून, पाठीत वाकून आत शिरणं सत्तरीतल्या गुडघ्यांना झेपत नाही.

मग आजी-आजोबा मधल्या रांगेत आणि मुलं मागे, असं ठरतं. इथे एक अडचण येते आणि ती गाडी घेतल्यावरच लक्षात येते. मधली सीट सलग असेल तर मुलांना उतरवण्यासाठी प्रत्येक चहाच्या थांब्याला आजींना आधी खाली उतरावं लागतं. मधे दोन सुट्या कॅप्टन सीट असल्या की मधल्या फटीतून मुलं सुळकन मागे जातात. एक माणूस कमी बसतो, पण घरात म्हातारी माणसं असतील तर मी सहा सीटरच सुचवतो. मारुतीच्या एक्सएल६ आणि इनोव्हाच्या काही व्हेरिएंटमध्ये ही सोय आहे.

सात माणसं बसल्यावर सामान कुठे ठेवायचं?

फारसं कुठेच नाही. तिसरी रांग उभी असताना मारुतीच्या पहिल्या पिढीच्या अर्टिगात १३५ लिटर जागा उरते, २०१८ नंतरच्या अर्टिगात २०९ लिटर, आणि रेनॉच्या ट्रायबरमध्ये ८४ लिटर, म्हणजे एक दप्तर आणि जेवणाचा डबा. गणपतीला सहकुटुंब कोकणात जाणाऱ्यांनी हे आकडे जाहिरातीतल्या फोटोपेक्षा गंभीरपणे घ्यावेत. तिसरी रांग वर्षातून दोनदाच लागणार असेल तर चांगली पाच सीटर घ्या आणि त्या दोन वेळा गाडी भाड्याने सांगा. हिशेब बहुतेकदा तिकडेच झुकतो.

कोणत्या गाड्या बघायच्या?

पैसे असतील तर इनोव्हा, बेतात असतील तर अर्टिगा. बाकी सगळ्या 'पण'सकट येतात.

इनोव्हा २००५ पासून आपल्याकडे आहे. जुनी २.५ लिटर डिझेल, आणि २०१६ पासून क्रिस्टा. चेसिसवर बसवलेली बॉडी, मागच्या चाकांना ताकद, आणि कोणत्याही तालुक्याच्या गावात तिचं इंजिन ओळखणारा मिस्त्री. जुन्या इनोव्हाच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, क्रिस्टाच्या डिझेलला चेन. बेल्ट केव्हा बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून किमतीतून तो खर्च वजा करा, कारण बेल्ट तुटला तर इंजिनाचं मोठं काम निघतं. इनोव्हाची खरी अडचण तिची किंमत आहे. दहा वर्षं जुनी गाडीसुद्धा मालक नव्या छोट्या गाडीच्या भावात सांगतो, आणि घेणारा मिळतोही.

अर्टिगा एप्रिल २०१२ मध्ये आली, नोव्हेंबर २०१८ मध्ये पूर्ण बदलली. शक्य असेल तर २०१८ नंतरचीच घ्या. तिसऱ्या रांगेतली जागा आणि डिकी दोन्ही सुधारल्या आहेत. पेट्रोल अर्टिगाच्या हायब्रिड म्हणवणाऱ्या प्रकारात नेहमीच्या बॅटरीखेरीज एक लिथियम बॅटरी असते. ती कशी आहे हे सर्व्हिस सेंटरमधून तपासून घ्या, बदलायची वेळ आली तर खिशाला लागतं. पहिल्या पिढीत पुढचं सस्पेन्शन खडखडतं का ते खड्ड्यातून नेऊन ऐका. दुरुस्ती स्वस्त आहे, पण घासाघीस करायला उपयोगी पडते. रुमियन म्हणजे टोयोटाच्या बिल्ल्याची अर्टिगाच, फक्त ऑगस्ट २०२३ नंतरची असल्याने जुन्या बाजारात कमी दिसते.

मराझोवर माझा थोडा लोभ आहे, हे आधीच सांगतो. २०१८ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली, छतातून येणारा एसी तिसऱ्या रांगेपर्यंत नीट पोचतो, बसायला ऐसपैस. पण खपली नाही. न खपलेल्या गाडीला जुन्या बाजारात भाव नसतो, म्हणूनच ती स्वस्तात मिळते. घेऊन सात-आठ वर्षं वापरणार असाल तर फायद्याचा सौदा. तीन वर्षांत विकायची असेल तर तोच तोटा तुमच्या वाट्याला येईल. सौद्याआधी जवळच्या महिंद्रा सर्व्हिस सेंटरला जाऊन तिच्या पार्टना किती दिवस लागतात ते विचारून या.

किया कॅरेन्स २०२२ ची, त्यामुळे जुनी म्हटली तरी फार जुनी मिळत नाही. सहा एअरबॅग सगळ्या प्रकारांत. कंपनीची वॉरंटी शिल्लक आहे का ते बघा.

रेनॉ ट्रायबर शहरासाठी आणि लहान मुलांच्या घरासाठी गुणी गाडी आहे. तिसऱ्या रांगेच्या सीट उचलून घरी ठेवता येतात. पण एक लिटरचं, ७२ पीएस ताकदीचं छोटं इंजिन आहे. सात माणसं, एसी चालू आणि समोर कसारा घाट असेल तर दुसऱ्या गिअरशी मैत्री करावी लागेल.

शेवर्ले एन्जॉय, होंडा मोबिलिओ, रेनॉ लॉजी: चालवायला वाईट नव्हत्या, आणि लॉजीचं डिझेल इंजिन तर दणकट. पण शेवर्लेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री बंद केली आणि बाकी दोघींचंही उत्पादन थांबलं. हेडलाइट किंवा दरवाजाची काच फुटली की जुन्या पार्टच्या बाजारात हिंडावं लागतं. घरातली एकमेव गाडी म्हणून घेऊ नका.

मारुतीची ईको चालेल का?

दुकानाचा माल वाहायला उत्तम. मुलाबाळांना घेऊन हायवेला जायला नको. गाड्या आपटून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०१६ च्या चाचणीत तिला पाचपैकी शून्य तारे मिळाले होते.

बाकीच्यांचे तारे काय सांगतात?

मराझो चार (२०१८), अर्टिगा तीन (२०१९), ट्रायबर चार (२०२१), कॅरेन्स तीन (२०२२). हे जुन्या नियमांचे आकडे. नियम कडक झाल्यावर २०२४ मध्ये आफ्रिकेसाठीच्या अर्टिगाला एकच तारा मिळाला, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांचे तारे शेजारी ठेवून तुलना होत नाही. त्यापेक्षा तुम्ही बघताय त्या गाडीत एअरबॅग किती, तिसऱ्या रांगेच्या बेल्टचं बकल अडकतं का, आणि एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझतो का ते बघा. दिवा लागतच नसेल तर अधिक संशय घ्या. उडालेली एअरबॅग न बसवता बल्ब काढून टाकणारे महाभाग आहेत. आणि जुन्या जीपगाड्यांसारख्या मागे आडव्या बाकांच्या गाडीला सात सीटर समजू नका.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

रोज शाळा, भाजी आणि ऑफिस असेल तर पेट्रोल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ (धुराच्या कडक नियमांच्या) डिझेल गाड्यांना डीपीएफ नावाची धुराची जाळी असते. ती साफ व्हायला गाडी सलग वेगात पळावी लागते. पुण्याच्या सिंहगड रोडवर पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की जाळी तुंबते आणि दिवा लागतो. दर शनिवारी गावाला जाणाऱ्यांना डिझेल अजूनही परवडतं. अर्टिगाचं डिझेल बीएस६ येताना बंदच झालं, त्यामुळे ते २०२० च्या आधीचंच मिळेल.

पेट्रोल घेताना ई-२० चा विचार करा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग २० टक्के इथेनॉल सोसतील असे आहेत. त्याआधीच्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप आणि सील तपासून घ्या, आणि अ‍ॅव्हरेज थोडं कमी धरा.

सीएनजी असेल तर कंपनी फिटेडच. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, 'पेट्रोल/सीएनजी' अशी नोंद हवी. बाहेरून किट बसवून नोंद केली नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी लागते, तिचं सर्टिफिकेट मागा. आणि टाकी डिकीतच बसते, म्हणजे वर सांगितलेले २०९ लिटरही विसरा.

मीटर मागे फिरवलंय हे कसं ओळखायचं?

मीटरवरच्या आकड्याला मी फारशी किंमत देत नाही. डिजिटल मीटर बदलणं हे काही मिनिटांचं काम आहे. गाडीचं अंग मात्र खोटं बोलत नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा: ४० हजार किलोमीटरच्या गाडीत रेघा स्पष्ट असतात, दीड लाखाच्या गाडीत उजवा कोपरा गुळगुळीत होतो. एकदम कोरं रबर दिसलं तर ते का बदललं ते विचारा. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलीय का? ड्रायव्हरच्या बेल्टच्या कडेला धागे सुटलेत का?

मग टायर. बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१९ ची गाडी, मीटरवर ३५ हजार, आणि चारही टायर २०२३ चे असतील, तर पहिले टायर ३५ हजारांच्या आतच कसे संपले? स्टेपनीचा आकडाही वाचा.

सगळ्यात पक्का पुरावा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे असतो. गाडीच्या नंबरावर प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर तिथे नोंदलेले असतात. मालकाला सोबत घेऊन जा किंवा त्याला फोन लावायला सांगा. 'सगळी सर्व्हिसिंग बाहेरच केली' असं उत्तर आलं तर ते खरंही असेल, पण मग किंमत ठरवताना मीटरचा आकडा विसरून बोला.

टूरिस्टला चाललेली गाडी घ्यावी का?

अर्टिगा आणि इनोव्हा दोन्ही टॅक्सीवाल्यांच्या लाडक्या, त्यामुळे हा प्रश्न टळत नाही. पिवळ्या पाटीची गाडी खासगी करून पांढऱ्या पाटीवर आणता येते आणि ते कायदेशीर आहे. लपवणं मात्र चूक. आरसीच्या इतिहासात आणि जुन्या विमा पॉलिसीत गाडीचा प्रकार बघा. टूरिस्ट गाड्यांना ताशी ८० किलोमीटरच्या वर वेग जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर असतो. तो काढल्यावर वायरिंगच्या जोडण्या मागे राहतात. काचेवर जुन्या स्टिकरांचे डाग, मधल्या रांगेच्या दारांची जास्त झिजलेली हँडलं, हेही बघा.

गोव्यात काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या गाड्या पर्यटकांना स्वतः चालवायला भाड्याने देतात. त्यांतली एखादी पुढे खासगी होऊन विक्रीला आली तर मी तिच्यापासून लांबच राहीन. एका ड्रायव्हरने लाखभर किलोमीटर चालवलेली टॅक्सी परवडली; दर आठवड्याला नवा हात लागलेल्या क्लचची हमी कोण देणार?

दोन लाख किलोमीटर झालेली इनोव्हा म्हणजे संपलेली गाडी का?

नाही. सर्व्हिस वेळेवर झालेली असेल तर इनोव्हा याहून खूप पुढे जाते. सकाळी थंड इंजिन असताना पहिली स्टार्ट तुमच्यासमोर होऊ द्या. आदल्या रात्री सांगून ठेवा की गाडी गरम करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. तिथून धूर फुसफुसत बाहेर येत असेल तर इंजिनाचं काम जवळ आलंय.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

२०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड, सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूर. अशा पुरांनंतर विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या गाड्या भंगाराच्या भावात विकल्या जातात, धुवून-पुसून दुसऱ्याच जिल्ह्यात उभ्या राहतात आणि दिसायला चकचकीत असतात.

तिसऱ्या रांगेत जाऊन बसा आणि तिथला सीटबेल्ट शेवटपर्यंत, अडेपर्यंत ओढा. पुढचे बेल्ट धुतले जातात, मागचे कुणी धुवत नाही. गुंडाळीच्या आतल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली, किंवा पट्टा कडक लागला, तर तिथूनच नमस्कार करून निघा. अर्टिगा आणि इनोव्हाची स्टेपनी गाडीखाली लटकते, त्यामुळे स्टेपनीचा खड्डा बघायची नेहमीची युक्ती इथे चालत नाही. त्याऐवजी जॅकचा कप्पा उघडून कोपऱ्यात बोट फिरवा. पुढच्या सीटच्या रुळांचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेत का ते मोबाइलच्या टॉर्चने बघा. आत शिरताच अत्तराचा भडका आला तर काचा बंद करून दहा मिनिटं थांबा. कुबट वास अत्तराला पुरून उरतो.

रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या गाडीला गंजायला पुराची गरज नसते, खारी हवाच पुरते. गाडी रॅम्पवर चढवून खालची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि ठोकलेली?

बंपर, फेंडर रंगवलेले असणारच, शहरात ते चालतं. बॉनेट आणि दारांच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा बघा. दारांचं रबरी बीडिंग ओढून काढा: कंपनीचे स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडल्याचे ठिपके, सारख्या अंतरावर, गोल आणि स्वच्छ असतात. ते दिसत नसतील, पुटी भरलेली असेल, तर पिलरपर्यंत, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबापर्यंत, मार बसलाय. अशी गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

दाखवायला मेकॅनिक कोणता न्यावा?

ज्याला तुम्ही स्वतः पैसे देता तो. 'तुमचं काय ते द्या' म्हणणारा विक्रेत्याकडूनही घेतो.

टेस्ट ड्राइव्हला काय करायचं?

सगळं घर न्या, आजींसकट. सातही सीट भरा, एसी लावा, चढ शोधा. पुणेकरांना कात्रजचा घाट आहे, नाशिककरांना कसारा, कोल्हापूरकरांना आंबा. एकट्याने सपाट रस्त्यावर चालवलेली सात सीटर सगळ्यांनाच आवडते. तिसऱ्या रांगेतल्या मुलाला दहा मिनिटांनी विचारा, गार हवा येतेय का. मागचा ब्लोअर बंद पडलेल्या गाड्या सर्रास विकल्या जातात, कारण विकत घेणारा पुढे बसून बघतो.

दिल्ली पासिंगची गाडी निम्म्या किमतीत मिळतेय. घेऊ का?

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. नंतर त्यात फेरफार झाले, पण गाड्या बाहेर काढण्याची तिथली घाई कायम आहे. गाडी चांगलीही असू शकते. फक्त हिशेब पूर्ण करा: तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथला रोड टॅक्स, नवा नंबर आणि एजंटाचे पैसे. परराज्याच्या नंबरावर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे गाडी ठेवता येत नाही. एवढं करून जे वाचतं ते बहुधा तुम्हाला वाटलं त्याच्या निम्मं असतं.

कागदपत्रांत काय बघायचं?

एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाका: कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी, ब्लॅकलिस्ट. महाराष्ट्राच्या ई-चलान साइटवर थकलेले दंड बघा, ते विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः आरसीशी ताडून बघा. चोरीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) वाहन समन्वय पोर्टलवर तपासता येतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबर पाटी, बसलीय का तेही बघा.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. 'सह्या करून देतो, तुम्ही सावकाश करा' म्हणणारा मालक भला वाटतो, पण गोत्यात तोच येतो: नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय.

विमा आणि फास्टॅग?

विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो. फास्टॅग त्याला बंद करायला लावा आणि तुमचा नवा घ्या.

मालकाकडून घ्यावी की डीलरकडून?

मालकाकडून, जमलं तर त्याच्या घरी जाऊन. पार्किंगमध्ये गाडी कुठे उभी असते, खाली ऑइलचा डाग आहे का, हे तिथेच दिसतं. डीलरला नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो कुठूनतरी तुमच्याच किमतीत येतो. मात्र डीलर लेखी वॉरंटी आणि नाव बदलण्याची जबाबदारी घेत असेल तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही. तोंडी वॉरंटीला अर्थ नाही.

किती जुनी चालेल?

चार ते सात वर्षांची. पंधरा वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर लागतो, म्हणजे बारा वर्षांची गाडी घेतली तर तीनच वर्षांत आरटीओची वारी. तीन वर्षांच्या आतली बघत असाल तर नवीचा भाव आधी काढा; २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलल्यावर नव्या गाड्या उतरल्या, पण काही मालक अजून जुन्याच हिशेबाने किंमत सांगतात.

घेतल्यावर लगेच काय खर्च येईल?

ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल लगेच बदला, जुन्या मालकाने 'परवाच केलंय' म्हटलं तरी. टायर सहा वर्षांवरचे असतील तर नक्षी शाबूत असली तरी बदला. सात माणसांच्या वजनाने मे महिन्याच्या डांबरावर जुना रबर फुटतो. बॅटरीची तारीख बघा. मागच्या एसीचा फिल्टर किंवा जाळी असेल तर उघडून साफ करून घ्या, तिथे चिप्सचे तुकडे सापडतील. एवढ्यासाठी सौद्याच्या रकमेतले दहा टक्के वेगळे काढूनच बोली लावा.